पायाच्या मापाचा ब्रेक

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. राजूरच्या खाणीत सारी नोकरी डंपर चालवण्यात गेली. आदल्या पाळीचा ड्रायव्हर "ब्रेक ठीक आहेत" म्हणून उतरला, तरी मी खाली वाकून स्वतः पाहिल्याशिवाय कधी वर चढलो नाही. बायको म्हणते, हा माणूस देवाचा प्रसादही उलटून पाहून खातो. पाहतो तर पाहतो. अजून जिवंत आहे ना?

उभा जन्म कोळसा घेऊन रांगलो, म्हणून निवृत्तीनंतर एक जुनी, पण चांगली पळणारी टर्बो गाडी घेतली. पुसदकडच्या आमच्या तांड्यात ती पहिल्यांदा आणली तेव्हा लोक हसले. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाले. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. मला जरा जोरात फिरायचं होतं, एवढंच.

मग न्हाणीत घसरलो आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. सळई घातली. काठी सुटली, चालू लागलो. गाडीचं विचारलं तेव्हा डॉक्टर "बघू" म्हणाले. घरच्यांनी त्या "बघू"चा अर्थ आपल्या सोयीनं लावला. गाडीची किल्ली खुंटीवरून आधी कपाटात गेली, मग आणखी कुठं कुठं. पुण्याहून मुलाचा फोन आला की बायको मोरीजवळ जाऊन हळू आवाजात बोलायची, आणि मी दिसलो की दोघांना एकदम कापसाचा भाव आठवायचा. पाणी कुठं मुरतंय ते मला कळत होतं. माझी गाडी बंद करायची होती. म्हातारपणी माझ्या मनासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि तीच यांना डोळ्यांत सलत होती.

अशात मुलगा आला तो मोठं खोकं घेऊन. त्यात पुढच्या चाकांचे ब्रेक, थाळीएवढ्या डिस्क आणि त्या चिमटीत धरणारे चार-चार पिस्टनचे कॅलिपर. इंजिन एवढं पळतं तर थांबवणारंही तसंच पाहिजे, म्हणाला. बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला खटकलं. ज्याला मी गाडी चालवायला नको आहे, तो गाडीला भारी ब्रेक का आणेल? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्याला आईकडून आली आहे. मीही बघू म्हणालो.

पुसदला एक मिस्त्री आहे. पळणाऱ्या गाड्यांचं काम आमच्या भागात त्याच्याइतकं कुणी केलेलं नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्यानं ब्रेक बसवले, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. मी पेडल दाबलं तर ते खाली, अगदी खाली गेलं आणि मग कुठं पकडलं. मी मुलाकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, होणारच. नव्या कॅलिपरना तेल जास्त लागतं आणि पेडलमागचा जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही, तोही बदलावा लागेल. मला समजावं म्हणून त्यानं गुरांच्या इंजेक्शनचं उदाहरण दिलं. बारीक पिचकारी अंगठ्यानं सहज दबते पण दट्ट्या लांबवर ढकलावा लागतो. जाड पिचकारी थोडक्यात काम करते, पण अंगठ्यात जोर पाहिजे. सिलिंडर किती जाड घ्यायचा, ते चालवणाऱ्याच्या पायावर ठरतं.

"गाडी कोन चालवते?" त्यानं विचारलं.

मुलानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी."

मग त्यानं मला सीटवर बसवलं. तो दाराशी उकिडवा बसला, माझ्या उजव्या मांडीवर तळहात ठेवला आणि नेहमी दाबता तसं दाबा म्हणाला. पायाचा जोर पाहायची ही त्याची रीत होती, पण मला तेव्हा काय माहीत? सळई घातलेल्या मांडीवर परक्या माणसाचा हात, आणि त्याच्या खांद्यावरून मुलगा टक लावून पाहतोय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही परीक्षा आहे. ब्रेक, खोकं, मिस्त्री, सगळा बनाव याचसाठी. पाय लुळा निघाला की दोघं मान हलवणार आणि किल्ली कायमची गडप होणार.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं, पाठ सीटला रेटली आणि सगळं अंग त्या पायावर घातलं. कळ कमरेपर्यंत गेली. चेहरा हलू दिला नाही.

मिस्त्रीनं हात काढला. पाय दमदार आहे म्हणाला. मुलगा बाहेर रस्त्यावर गेला आणि कुणाला तरी फोन लावला. जिरली, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुण्याला निघूनही गेला. जाताना पाया पडला, किल्ली माझ्या हातात दिली. एवढ्या सहज दिली याचाही मला संशय आला.

नवा मास्टर सिलिंडर बसल्यावर गाडी घेऊन एकटाच निघालो. पेडल दगडासारखं लागत होतं. बाजारात जमून गेलं. घाट उतरताना वळणापलीकडे कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मी ब्रेक दाबला. गाडी थोडी मंदावली, थांबेना. ब्रेक वाईट नव्हते, माझ्या पायाला जुमानत नव्हते. शेवटी दोन्ही पाय पेडलवर घातले. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारा कापूस बोनेटवर टेकला होता. ट्रॉलीवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. मी मात्र बराच वेळ तिथंच बसून राहिलो. घाबरलो होतो. खाणीत इतका कधी घाबरलो नव्हतो.

भीती उतरली आणि राग चढला. आता सगळं जुळत होतं. परीक्षेत मी हरलो नाही, म्हणून यांनी दुसरा डाव टाकला होता. पाय पुरणार नाही असं पेडल बसवायचं, म्हणजे म्हातारा आपसूकच किल्ली टाकेल. मुलगा इतक्या झटपट का गेला, किल्ली एवढ्या सहज का दिली, सगळ्याचं उत्तर मिळालं. बायकोला काही सांगितलं नाही. तीही त्यातलीच.

गाडी बैलगाडीच्या चालीनं पुसदला आणली आणि मिस्त्रीला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं की माझ्या मुलानं तुला काय पढवलं होतं. त्यानं हात पुसले. त्यालाही राग आला होता.

"मले कोनी काहून पढवन, चाचा? तुम्ही जसा पाय दाबला तसा मी सिलिंडर लावला. जवान मानसाचा जोर होता तो."

मी म्हणालो, मग मुलगा बाहेर जाऊन कुणाशी बोलत होता? चोराच्या मनात चांदणं, नाही तर आड जाऊन फोन कशाला?

मिस्त्रीनं गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हापिसात बोलून राह्यला होता. बापासाठी मोठी सुट्टी टाकली होती, गावातच राहून डॉक्टरले पाय दाखवाचा, व्यायाम करून घ्याचा म्हने. तुमचा जोर पाह्यला अन् सुट्टी रद्द करतो म्हनून सांगतलं. डोळे पुसून राह्यला होता. मले म्हने, माह्या बापाचा पाय वापस आला."

गाडीचं दार उघडंच होतं, सीटवर बसलो. मोरीजवळची ती सगळी बोलणी मला एकेक करून आठवली, आणि त्यांत कुठंच किल्ली नव्हती, होता तो माझा पाय.

मिस्त्री पुन्हा दाराशी उकिडवा बसला आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. या वेळी मी स्टिअरिंग धरलं नाही, पाठही रेटली नाही.

तो वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "दाबा ना, चाचा."

"दाबूनच राह्यलो," मी म्हणालो.

त्यानं हात लगेच काढला नाही. बारीक सिलिंडर लावून पाहू म्हणाला, पण घाटाचं आत्ताच विचारू नका. मी मान हलवली, खिशातून फोन काढला आणि तिथूनच मुलाला लावला. सुट्टी अजून मिळते का, एवढंच विचारलं.