फ्लोरामावशी आणि तिकडचा जिना

फ्लोरामावशी कधी इस्रायलला गेली नाही.
पण तिकडच्या एका बिल्डिंगचा जिना तिला पाठ होता.

परवा ती गेली. झोपेतच. काल आम्ही तिला माती देऊन आलो.

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या समोरचं दार तिचं. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच ज्यू. घरात, बाजारात, भांडणात, सगळीकडे मराठीच.

तिच्या समाजातल्या लोकांनी मागे कधीतरी खटपट करून तिकडच्या एका गावाशी ठाण्याचं सिस्टर सिटीचं नातं जोडलेलं. पाहुणे आले, हार घातले, फोटो निघाले. मग सगळे विसरले.

तिकडे युद्ध सुरू झालं तेव्हा मावशी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिली.
"बहीण म्हणता ना? मग बहिणीला फोन कोण करणार?"

त्या गावात इथून गेलेली बरीच म्हातारी माणसं आहेत. एकेकटी. सायरन वाजला की मराठीत धीर द्यायला कोणी नाही. मावशीने आम्हाला एकेक जण वाटून दिला.

स्वतःकडे ठेवले सॅमसनकाका. चौथा मजला, धड दिसत नाही, आणि तळघरातल्या शेल्टरमध्ये जायला साफ नकार.

"मरू दे ना मला इथेच."
"मरा. पण आधी खाली उतरा."

तिकडे सायरन वाजला की फोन स्पीकरवर टाकून ती आमच्या जिन्यावर यायची. डोळे मिटायची. आणि त्यांच्यासोबत पायरी पायरी उतरायची.
"हं, आता भिंतीकडून. कठडा तुटलाय तिथे."

आमचा कठडा धड आहे. तरी तिचा हात भिंतीकडेच जायचा.

स्पीकरवरचा सायरन आमच्या जिन्यात भरून राहायचा. खेळणारी पोरं गप्प. भाजी घेऊन वर येणारे बाजूला व्हायचे. एकाला नाही, दोघांना वाट द्यावी तसे.

एकदा दुपारी माझ्याकडे जेवत होती. हातातला घास तिने खाली ठेवला.
"सायरन."
"मावशी, अगं फोन वाजलाच नाहीये."
"चल."
ती दोन-चार पायऱ्या उतरली, आणि फोन वाजला. काकांचाच.

 

काल कब्रस्तानातून परत आलो. घर माणसांनी भरलेलं. तेवढ्यात टेबलावर मावशीचा फोन थरथरायला लागला.
तिची मुलगी रूथ म्हणाली, "तू घे गं. माझ्याने नाही होणार."

"फ्लोरा?" मागे सायरन.

"काका, चला. मी आहे सोबत."
मी जिन्यावर आले. आम्ही उतरायला लागलो.

अर्ध्यावर ते थांबले. "तू फ्लोरा नाहीस."
"नाही."
"ती कुठेय?"
"शेल्टरमध्ये पोचल्यावर सांगते."

त्यांना कळलं. पुढे फक्त त्यांचा श्वास आणि चपलांचा आवाज.

जड दार लागलं. सायरन दूर गेला. मी सांगितलं. त्यांनी तिथे कोणाला तरी सांगितलं. फोनवरचा फ्लोराचा आवाज त्या शेल्टरमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा झालेला.



हळूहळू बऱ्याच जणांची प्रार्थना ऐकू आली. मला न कळणाऱ्या भाषेत. मधेच एक बाई म्हणाली, "अगं बाई, गेली गं आपली फ्लोरा."

सायरन कधीचा थांबलेला. पण दार उघडल्याचा आवाज काही आला नाही. कोणी उठलंच नाही.
मीही खालच्या पायरीवर बसून राहिले, फोन कानाला तसाच.

मावशी, काका सुखरूप आहेत गं.
आता तू आराम कर.