गणपतीच्या मखरातली जलपर्णी

गावाचं तळं मी एकट्यानं बुडवलं. त्याला फारशी अक्कल लागत नाही. थोडी हौस पुरते.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. हिंगणीच्या अलीकडच्या एका गावात मी मास्तर होतो. नागपूरला मेहुण्यांच्या हौदात जांभळ्या तुऱ्यांची जलपर्णी पाहिली आणि भुललो. चार रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून मोटारीनं आणली, शाळेच्या टाक्यात सोडली. श्रावण सरेपर्यंत टाकं गच्च भरलं. ही माझ्या हाताची किमया, असं मी ज्याला त्याला ऐकवत होतो.

शाळेच्या गणपतीला मखर केलं ते याच रोपांचं, मुळांसकट. गाव पाहायला लोटलं. विसर्जनाला मूर्तीमागोमाग मखरही तळ्यात गेलं. निर्माल्य उकिरड्यावर टाकायचं नसतं, एवढं शास्त्र मला पाठ होतं.

त्या तळ्यात एक म्हातारा ढिवर शिंगाडे लावी, मासे धरी. त्याचं घर त्यावरच चाले. पुढच्या उन्हाळ्यात तो शाळेत आला.

"गुरुजी, तुमचा गणपती अजून तळ्यातच बसून राह्यला. चाला, दाखवतो."

अर्धं तळं हिरवंगार, वर तुरे डोलत होते. मी म्हणालो, "काय शोभा आली हो!"

त्यानं एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. खाली हातभर काळ्या मुळांच्या झिपऱ्या.

"शोभा वरतं हाये. कमळं गेली, मरळ दिसत नाई. आखाडात शिंगाड्याचे वेल लावाचे, त्याइले जागा कोठी हाये?"

मी श्रमदान पुकारलं. गाव दोन दिवस चिखलात राबलं. काठावर पुरुषभर उंचीचे ढीग लागले. एका ढिगावर चढून मी भाषण सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला घसरून चिखलात बसलो. टाळ्या तेवढ्यालाच पडल्या.

"आता हे वाळवून जाळा, गुरुजी," ढिवर म्हणाला. "काठावर नका ठेऊ."

"देवाच्या मखरातलं जाळतं काय बे? गावाले भोवन!" पाटील गरजले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ढिगात हात घालून मी पाहिलं होतं; आत सगळं ओलं, जिवंत होतं. पण मखराच्या वेळी पाटलांनी माझी पाठ थोपटली होती, ती थाप मला गमवायची नव्हती. म्हणालो, "राहू द्या. उन्हानं आपोआप वाळेल."

पावसाळ्यात तळं काठापर्यंत चढलं आणि ढीग पाण्यात परतले. ढिवरानं तरी वेल लावले. रोज डोंग्यातून जाऊन तो त्यांच्याभोवतालची जलपर्णी ओढायचा. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा तीच. दिवाळीला एक टोपली शिंगाडे निघाले, तेही पोचट.

मग तो अर्ज लिहून घ्यायला आला. तळ्याचा ठेका सोडायचा होता.

"कारण काय लिहू?"

"लिवा, पाण्यात गवत झालं."

माझं अक्षर वळणदार. तसंच लिहिलं. गवत कोणी आणलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही घातलं नाही. त्यानं अंगठा उठवला.

"आता कुठं जाणार?"

"जंगलात, बांबू तोडाले." अर्जाची घडी करता करता तो म्हणाला, "पाण्यातला मानूस मी, गुरुजी. चढावर दम लागते. पाहू."

आणि मलाच रामराम करून गेला.