फोटोखालचा तांब्या

समई विझल्यावर वातीचा जो कडवट वास येतो, त्याने मला शनिवार पेठेतल्या सभागृहातला एक सहा ऑगस्ट आठवतो. हिरोशिमाच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी व्याख्यान असे. त्या वर्षीच्या पाहुण्या पुण्यात जपानी शिकवायला आलेल्या एक बाई होत्या; लहानपणी त्यांनी ते शहर जळताना पाहिलं होतं. भिंतीवर बेचिराख शहराचा फोटो, खाली तेलाने भरलेली समई. अध्यक्षांनी पेटती मेणबत्ती पुढे केली, "बाई, आपल्या हस्ते." बाईंचा हात पुढे येईना. "आग नको," त्या हळूच म्हणाल्या, "पाणी द्या. त्या दिवशी सगळे पाणी मागत होते." अध्यक्ष गडबडले. "अहो, पण पत्रिकेत दीपप्रज्वलन छापलंय!" मी वक्त्यांसाठी ठेवलेला तांब्या बाईंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी फोटोखाली ठेवला, अध्यक्षांनी मेणबत्ती विझवली आणि सभा सुरू झाली. पुढच्या वर्षी समई की तांब्या, यावर समितीने रीतसर हात वर करून मतं घेतली. समई बहुमताने निवडून आली. व्याख्यानाचा विषयही लोकशाहीच होता, तक्रार कुठे करणार? तेव्हापासून मी घरूनच तांब्या भरून नेतो आणि फोटोखाली ठेवतो. परवा नव्या अध्यक्षांनी विचारलं, "हे कशाला हो?" म्हटलं, "अजून तहान लागली असेल."