चंद्राचे चांगले दिवस

शिराळ्याच्या आसपासच्या गावांत लग्नाआधी नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं निघायचा तो दिलावर मुलाणीच्याच घोडीवरून. बापाकडून आलेला धंदा आणि बापाकडूनच आलेला ताठा. घोड्याच्या बाबतीत कुणी काही सांगायला गेलं, की दिलावर मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याची चंद्रा घोडी आता एकोणीस वर्षांची. दिवाळीपासून तिचं एक नवंच सुरू झालं होतं. दोन-तीन दिवस पुढच्या उजव्या पायानं लंगडायची आणि मग अचानक सरळ चालायला लागायची. दिलावरनं नाल काढून खूर कोरून बघितला, हळदीचा लेप लावला. खिळा नाही, खडा नाही, सूज नाही. मग त्यानं आपली खास परीक्षा घेतली. शेजारच्या गुंडाला बोलावून अंगणात हलगी वाजवायला लावली. हलगी कडाडली आणि चंद्रा पाय उचलून ठेक्यात नाचायला लागली.

"बघ! नाटकं हायत म्हातारीची," तो बायकोला म्हणाला. "कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

"आवं, नाटक करायला ती काय माणूस हाय?" मेहरुनबी म्हणाली. घोडीखालचं शेणमूत रोज तीच काढायची. "उभी ऱ्हाताना कवा ह्यो पाय पुढं टाकती, कवा त्यो. नीट बघा जरा."

दिलावर कसला बघतोय! चांगला दिवस असला की घोडी बाहेर काढायची, वाईट दिवशी बांधून ठेवायची, असं त्यानं ठरवून टाकलं. तसे तीन परणे झाले. पण जीव थाऱ्यावर नव्हता. चांगल्या दिवशीही तिची पावलं आखूड पडत होती, आणि ते त्याला दिसत होतं.

गावातल्या नाथाजी अण्णांनी नातवाच्या परण्याला चंद्राच ठरवली होती. ते लग्न चार दिवसांवर आलं, तेव्हा मेहरुनबीनं नवऱ्याला न विचारताच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर क्रांती आल्या त्या दिवशी घोडी नेमकी सरळ चालत होती.

"मॅडम, हिनं उगंच तरास दिला तुमास्नी," दिलावर रुबाबात म्हणाला. "गुंडा, वाजीव रं!"

हलगी वाजली. चंद्रा नाचली. डॉक्टरांनी तिच्या उजव्या टाचेजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांनी तिला फरशीवर गोल फिरवायला सांगितलं. आता चंद्रा डाव्या पायानं लंगडत होती. चांगलीच लंगडत होती.

"आं? ह्यो पाय तर धडधाकट हाय!"

"दोन्ही पाय दुखतात, चाचा. खुरातलं हाड झिजलंय. एक पाय जास्त दुखला की ती दुसऱ्यावर भार टाकते, म्हणून लंगडताना दिसते. दोन्ही सारखेच दुखायला लागले की भार टाकणार कुठं? मग सरळ चालते. आता उजवा बधिर केला, म्हणून डाव्याचं दुखणं दिसलं."

दिलावरला ते उमगायला वेळ लागला. ज्यांना तो चांगले दिवस म्हणत होता, नेमक्या त्याच दिवशी त्यानं तिच्या पाठीवर नवरदेव बसवले होते.

"मग हलगीवर कशी नाचली?" त्यानं बसक्या आवाजात विचारलं.

"नाचायला शिकवलं कसं होतं?"

चंद्रा तीन वर्षांची असताना याच अंगणात हलगीच्या ठोक्याठोक्याला दिलावर तिच्या नडगीवर वेताची छडी मारायचा. बापाचीच रीत. पुढं छडीची गरज उरली नाही, आणि घोडीला हलगीचा लय नाद, असं तो गावभर सांगत सुटला. सोळा वर्षं सांगत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अण्णांना फोन लाव," तो मेहरुनबीला म्हणाला. "घोडी येणार न्हाई म्हणावं. हितनं पुढं कुणाकडंच न्हाई."

गुंडा बिचारा गळ्यात हलगी घेऊन तसाच उभा होता. सवयीनं त्याची बोटं कातड्यावर वाजली. दिलावरचा स्वतःवरचा राग त्या गरिबावर निघाला.

"ठेव की रं ती खाली!" तो खेकसला.

त्याच्या आवाजासरशी चंद्रानं छडी चुकवावी तसा बधिर पाय उचलला, आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन, त्याच्याकडं बघत उभी राहिली.