आईची खुर्ची वर कुणी नेली

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. खरं तर 'नव्हता' लिहायला हवं, पण हात धजत नाही. मी बावन्न वर्षांचा, रियाधला एका बँकेत आयटीत आहे. नात्यात कुठेही लग्न-बारसं असलं की किस्से सांगायचं काम माझ्याकडे असतं... दुसऱ्यांचे किस्से, थोडा मसाला लावून. इथे लोक लिहितात ते अनुभवही मी मेधाला, म्हणजे बायकोला, हसत हसत वाचून दाखवत आलोय. तेव्हा आता कुणी मला हसलं तर तक्रार नाही.

एक मात्र आधी सांगतो. हीच घटना आमच्या नात्यात वेगळ्या रूपात फिरते आहे. त्यात मी हिरो आहे. ती तुमच्या कानावर आली असेल तर विसरा.

रियाधला नदी नाही असं म्हणतात. एक आहे, पण तिचं मूळ चारचौघांत सांगण्यासारखं नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून दक्षिणेकडे वादी हनीफात, म्हणजे एका कोरड्या नदीच्या दरीत, सोडतात, आणि ते बारा महिने वाहतं. ठिकठिकाणी दगडांचे बुटके बंधारे आहेत. अल-हायरच्या बाजूला एका बंधाऱ्याखाली पाणी इतकं नितळ आहे की तळाचे गोटे दिसतात. काठाला उंच बोरू, वर बाभळी, आणि पाण्यात चिलापी मासे.

माझा एक इंग्रज सहकारी निवृत्त होऊन घरी गेला तेव्हा त्याचा फ्लाय फिशिंगचा रॉड माझ्या गळ्यात पडला. त्याच्या देशात धरणाखालच्या थंड, एकसारख्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. सगळ्यांचे गळ बघून बघून तो फार शहाणा झालेला असतो म्हणे. वसंताच्या तोंडावर त्याला फसवायचं तर गळाला दोरा आणि पीस गुंडाळून डासाएवढी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी सोडायची की दोरीची सावलीसुद्धा त्याच्यावर पडू नये. ट्राउट मी आजतागायत पाहिलेला नाही. पण आमची चिलापी शहाणपणात त्याच्यापेक्षा कमी नसावी, कारण दोन हिवाळ्यांत मी मोजून सांगण्याइतकेही मासे धरले नव्हते. जे धरले ते सोडून दिले. सांडपाण्यातला मासा खाणार कोण.

तिथेच भेटलेले परकारभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे गाड्यांच्या स्पेअर पार्टचा धंदा. ते कणकेचा गोळा लावून धडाधड मासे काढतात आणि माझ्याकडे बघून मान हलवतात. "साहेब, तुम्ही माशाला फसवताय की स्वतःला?"

तर मागच्या हिवाळ्यात आई व्हिजिट व्हिसावर तीन महिने आली. वय शहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती कंटाळली. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजून झाले. ईरा, आमची मुलगी, तिच्याशी इंग्रजीत बोलणार आणि आई तिला मराठीत उत्तर देणार, असा दोघींचा छान संवाद चालायचा. एका गुरुवारी आई म्हणाली, "तू दर शुक्रवारी ज्या नदीवर जातोस ती मला दाखव तरी. की नदीचं नाव सांगून दुसरीकडेच जातोस?"

"आई, तिथे उतरायला दगड आहेत," मेधा म्हणाली.

"हा आहे ना धरायला."

त्या संध्याकाळी फोन कर्कश वाजला होता. पावसाचा, वादीपासून लांब राहण्याचा इशारा. तो दर पावसाळी हवेत येतो आणि मी दर वेळी अंगठ्याने उडवतो. तसाच उडवला. मेधाने विचारलं, "काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच."

फेब्रुवारी संपत आला होता. शुक्रवारी सकाळी आभाळ स्वच्छ, हवेत गारवा, आणि पाणी हवेपेक्षा कोमट असल्यामुळे त्यावर वाफ तरंगत होती. गाडी काठावर लावली. आईला खाली उतरवायला चहा उकळून गार होईल इतका वेळ लागला. एक दगड उतरायचा, थांबायचं, तिने माझ्या उतरवण्याच्या पद्धतीवर बोलायचं, मग पुढचा दगड. खाली पाण्यात घुसलेली गोट्यांची एक सपाट जीभ आहे. तिथे घडीची खुर्ची उघडून तिला बसवलं. मांडीवर पर्स, पायात सपाता.

मी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. ती आईने पायापासून छातीपर्यंत निरखली. मग म्हणाली, "तुझे बाबा धोतर खोचून जाळं टाकायचे. त्यांना मासा मिळायचा."

"इथे मासा मिळवायचा नसतो आई. धरायचा आणि सोडायचा."

"मग धरतोस कशाला?"

मी पाण्यात शिरलो.

मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून मी समोरच्या बोरूखाली एक मोठा मासा हेरला. नाक वर काढून काहीतरी टिपत होता. माशी सोडली, त्याने पाहिली, नाकारली. बदलली, सोडली, नाकारली. असं किती वेळ चाललं ते मला ठाऊक नाही. पण त्या वेळात मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे ठाऊक आहे. शेवटी त्याने तोंड उघडलं आणि दोरी ताणली गेली. त्याच क्षणी पाण्याचा रंग बदलला.

आधी फेस आला. मग खजुराच्या वाळलेल्या झावळ्या, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि मागून एक आवाज... ट्रकमधून खडी ओततात तसा. वर कुठेतरी रात्री पाऊस कोसळला असणार.

माझं लहानपण कोकणात वीजघराच्या कॉलनीत गेलं. तिथे पाणी सोडायच्या आधी भोंगा व्हायचा, आणि भोंगा झाला की पोरांनी मागे न बघता काठावर पळायचं अशी शिस्त होती. पुढचं सगळं मी बरेच दिवस या शिस्तीवर ढकलून पाहिलं. पण इथे भोंगा झाला नव्हता, आणि मी पोर नव्हतो.

मी पळालो. रॉड टाकला आणि गोट्यांवरून पळालो. काठाकडे जायला तीच एक वाट, म्हणजे आईच्या खुर्चीला लागूनच गेलो. तिने हात पुढे केलेला मला दिसला. दिसला नाही असं लिहायचं ठरवून बसलो होतो, पण दिसला. दगडांवरून हातापायांवर वर चढलो, गाडीत शिरलो, दार ओढलं आणि काच वर केली. पाण्यापासून वाचायला.

भान यायला किती वेळ गेला, सांगता येत नाही. आधी माझाच श्वास ऐकू आला. मग 'आई' हा शब्द डोक्यात आला... आठवण यावी तसा. बाहेर येऊन काठावर गेलो. खाली गोट्यांची जीभ नव्हती. तपकिरी पाणी काठाच्या निम्म्यापर्यंत चढून वाहत होतं.

"श्री, इकडे."

गाडीच्या पलीकडे, बाभळीखाली, आई बसली होती. त्याच खुर्चीवर. मांडीवर पर्स, पायात सपाता. साडीचे काठसुद्धा कोरडे.

मी तिच्यासमोर मातीत बसलो. काही विचारलं नाही. विचारणार काय, तू वर कशी आलीस? म्हणजे मी तुला आणलं नाही, हे आधी कबूल करावं लागलं असतं.

तेवढ्यात परकारभाईंची पिकअप भरधाव आली. शहराकडे पाऊस बघून ते मला सावध करायला आले होते. उतरले, पाणी पाहिलं, आईला पाहिलं. "या अल्ला. चाची, तुम्ही खाली होतात?"

"होते की," आई शांतपणे म्हणाली. "ह्याने उचलून आणलं. खुर्चीसकट."

परकारभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघून मान न हलवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मी काही बोललो नाही. तिथेच सगळं ठरलं.

नंतर ते आईला गाडीत बसवत असताना मी माती पाहिली. ओलसर, मऊ माती. पाण्याकडून माझ्या बुटांचे ठसे आलेले, एकच रांग, गाडीच्या दारापर्यंत. परकारभाईंचे त्यांच्या पिकअपपासूनचे. बाभळीकडे खुर्चीच्या पायांच्या खुणा होत्या. आम्ही नंतर गेलो ती सोडली तर तिथपर्यंत येणारी पावलं नव्हती. आसपास दुसरी गाडी नाही, माणूस नाही. आणि शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेली बाई ते दगड स्वतः, खुर्ची घेऊन, माझ्या डोळ्यांसमोरून चढली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. मीही म्हणून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट चिपळूणला पोचली. ताई फोनवर रडली. म्हणाली, "मी उगाच तुला आयुष्यभर घाबरट म्हटलं रे." ईराने शाळेत सांगितलं. मेधाने इशाऱ्यावरून बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि मला गरम पोळी वाढली. पाडव्याला इथली मराठी मंडळी एका इस्तिराहात, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बागबंगल्यात, जमतात, तिथे आईला माइक दिला. तिने सगळं सांगितलं... मी कसा पाण्यातून धावत आलो, कसं तिला अलगद उचललं. टाळ्या झाल्या. शाल मिळाली, आणि हायपरमार्केटातला, शेंडी नसलेला, प्लास्टिकच्या जाळीतला नारळ. तो दोन्ही हातांनी धरून मी फोटोसाठी हसलो. तो फोटो कुणाकडे असेल तर कृपया पाठवू नका.

आई परत जायच्या दिवशी दुपारी बॅग भरत होती. मेधा आणि ईरा बाहेर गेल्या होत्या. मी दाराशी उभा राहून म्हटलं, "आई, त्या दिवशी... तुला मी उचललं नव्हतं."

ती मसाल्याचे रिकामे डबे साड्यांत गुंडाळत होती. हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे. माझ्या अंगावर चिखल उडवून गेलास."

"साडी तर कोरडी होती."

"झटकला मी."

"मग कोणी उचललं?"

"मी डोळे गच्च मिटले होते. मागून कुणी खुर्ची उचलली. हिसका नाही, काही नाही. चढताना एकदा थांबल्यासारखं झालं, दम घ्यायला थांबतात तसं. मग खाली ठेवली. मी उघडले डोळे तेव्हा कुणी नव्हतं. तू गाडीत दिसत होतास."

"तू घाबरली नाहीस?"

"उचलून नेणाऱ्याला काय घाबरायचं?"

"मग सगळ्यांना माझं नाव का सांगत सुटलीस? त्या माइकवर... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

तिने बॅगेचं झाकण दाबलं, चेन माझ्याकडून लावून घेतली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? कोण होतं ते, हा नाही. मुलगा कुठे होता, हा. ते मला नको होतं."

एअरपोर्टवर व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसालाही तिने, मोडक्या हिंदीत, गोष्ट सांगितलीच. मी शेजारून चालत होतो.

मी परकारभाईंबरोबर दोनदा तिथे जाऊन आलो. मासे धरले नाहीत, नुसता उभा राहिलो. ते दगड, ती बाभूळ, ती उंची. कोण होतं, कसं आणलं, याचं माझ्याकडे आजही काहीही उत्तर नाही, आणि तुमच्यापैकी कुणी दिलं तरी मला पटेल असं वाटत नाही. आईने चुकवलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आहे. मुलगा गाडीत होता. काच वर करून.