गुलाबी कागदाच्या पुड्या

वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर कोऱ्या करकरीत नोटांचे ताव तपासायचे, सुटताना गेटवर झडती द्यायची आणि घरी यायचं. स्वतःचा पैसा मात्र त्यांनी नोटांत कधी साठवला नाही. दर गुरुपुष्याला सराफाकडून एक ग्रॅम चोख सोनं आणायचे आणि गुलाबी कागदाच्या पुडीसकट डब्यात टाकायचे. दागिना कधी केला नाही; घडणावळ त्यांना पाण्यात गेल्यासारखी वाटे.

मी बँकेत लागलो. डब्याला व्याज मिळत नाही, हे त्यांना दर वेळी ऐकवायचो. ते एवढंच म्हणायचे, "तू नोटा मोजतोस. मी त्या छापून निघताना बघतो."

ते गेल्यानंतर मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मी माझी वीस वर्षांची ठेव मोडली. तिच्यात जेमतेम मंगळसूत्र आलं. बाकीच्या दागिन्यांसाठी वडिलांचा डबा सराफाकडे नेला. एकेक पुडी सोडत त्याने विचारलं, "वडील काय करायचे हो?"

"नोटा छापायचे."

तो खो खो हसला. मी काय करतो, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.