द्वादशीची बाटली

चामराजपेटेत लग्न ठरलं की आधी भटजींना सांगायचं की भीमाचार्यांना, यावर घराघरांत वाद होत, आणि बहुतेक घरांत भीमाचार्य जिंकत. तीस वर्षं या आचाऱ्याने दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नांत पंगती जेवू घातल्या होत्या. १९६१च्या वैशाखात त्यांच्या स्वतःच्या चंपाचं लग्न होतं. तो स्वयंपाक आपल्याच हातचा व्हायचा, हे त्यांनी तिच्या बारशालाच जाहीर करून टाकलं होतं.

अडचण त्या हाताचीच होती. उजव्या मनगटावर लिंबाएवढी गाठ आली होती. मोठा झारा उचलला की कळ थेट कोपरापर्यंत जाई. बाकी गडी ठणठणीत, पन्नाशीतही तांदळाचं पोतं एकट्याने उचलणारा. लग्न तीन आठवड्यांवर आलं, तेव्हा पत्नी कृष्णाबाईंनी त्यांना इस्पितळात पिटाळलं.

डॉक्टर हयवदन म्हणाले, "एवढीशी गाठ. सकाळी कापतो, दुपारी घरी जा. पण आधी सगळ्या तपासण्या." चामखीळ असो नाहीतर पोट, त्यांचा नियम एकच होता. रक्त, लघवी, छातीचा फोटो, काही सुटायचं नाही.

भीमाचार्य लघवीची बाटली घेऊन गेले तो दिवस द्वादशीचा. आदल्या दिवशी, एकादशीला, त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, आणि पहाटे पारणं फेडलं ते हयग्रीवावर. हरभऱ्याची डाळ, गूळ आणि वर हात न आखडता तूप. अशा तीन वाट्या. इस्पितळात निळं औषध घालून नळी तापवली, ती विटेसारखी लाल झाली.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाले. "आत्ता कापलं तर जखम भरायची नाही. महिनाभर पथ्य करा, मग बघू."

महिनाभर! भीमाचार्य घरी येऊन भिंतीला टेकून बसले. शेवटी होसकोट्याच्या गुंडो आचाऱ्याला निरोप धाडा म्हणाले. गुंडोचा भात एकतर कच्चा, नाहीतर लापशी, हे सांगत त्यांनी उभी हयात काढली होती. शेजारच्या रत्नाबाई कारल्याचा रस घेऊन हजर झाल्या. "स्वल्प कडू आहे, अण्णा, पण गुण येतो." दोन दिवस त्यांनी तोही मुकाट्याने गिळला. माणूस खचला की कारलंसुद्धा गोड मानतो.

तिसऱ्या दिवशी कृष्णाबाईंची नजर इस्पितळाच्या कागदावरच्या तारखेवर गेली. त्यांनी पंचांग काढलं, कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं.

"द्वादशी होती हो डॉक्टर! आदल्या दिवशी कडकडीत उपास, पहाटे तीन वाट्या हयग्रीव. बाटलीत साखर नाही तर काय कडुनिंब उतरणार?"

"मग सांगायचं नाही का?" डॉक्टर भीमाचार्यांवर डाफरले.

"कुणी विचारलंच नाही. बाटली दिली, भरून दिली."

डॉक्टर खो खो हसले. "सरी, बरोबर आहे, चूक माझीच. धडधाकट माणूस, तेवढीच जागा बधिर करायची. चार प्रश्न विचारले असते तरी भागलं असतं." दोन दिवस जेवणाआधी आणि जेवणानंतर नळ्या तापवल्या. सगळ्या निळ्याशार, साखरेचा मागमूस नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठ निघाली आणि दुपारी भीमाचार्य घरी येऊन मसाल्यांची यादी करत बसले.

लग्नाच्या पहाटे मोठा झारा उचलला, तर कळ कोपरापर्यंत सोडाच, मनगटातही आली नाही. मुहूर्त टळता टळता कुणीतरी ओढून नेलं, तेव्हा ते कन्यादानाला बसले. त्याच उजव्या हाताने त्यांनी चंपाचा हात जावयाच्या हातात दिला आणि पाठ फिरवून तडक चुलीकडे गेले. सार व्हायचं होतं, पण नजर राहून राहून मांडवाकडे जात होती.

त्या साराची चव कुणी आधी घेतली नाही. नैवेद्याचं कोण चाखणार? पहिला भुरका चंपाने घेतला. मग तिने बापाकडे पाहिलं, पानात डावीकडे वाढलेलं मीठ गुपचूप कालवलं आणि आणखी वाढा म्हणाली. अख्ख्या पंगतीने तेच केलं.